कऱ्हे पठारावरच्या विहिरींचं रेडिओ जाळं: कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

वापरातल्या विहिरी आज पुन्हा मोजल्या. २३ भरल्या. सगळ्यात खोल सात परस (परस म्हणजे पुरुषभर खोली), ओढ्याकाठच्या चार-साडेचार परस.

आमचं गाव पर्जन्यछायेतलं. अंजीर, सीताफळ, हिवाळ्यात वाटाणा, आणि सगळं विहिरीच्या जिवावर. आपल्या विहिरीत पाणी किती हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, पण सगळ्या गावाचं मिळून किती हे कुणीच सांगू शकत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातून तालुक्याचा अंदाज येतो. आम्हाला मात्र मार्चमध्ये ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी एकदम का उतरतं आणि त्या रात्रीत कितीने भरून येतात, हे बघायचंय. त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी आकडा लागेल.

प्रत्येक विहिरीत सिम घालायचा विचार आधीच सोडला. रिचार्ज कोण सांभाळणार, आणि निम्म्या विहिरींवर मोबाइलला रेंजच नाही. लोरा, म्हणजे थोड्या विजेवर लांब पोचणारा रेडिओ, वापरायचं ठरलं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. २००५ च्या नियमांत तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटरची ताकद १ वॉटपर्यंत आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत चालते. आमचे नोड, म्हणजे विहिरींवरचे मोजून पाठवणारे डबे, या ताकदीच्या दहाव्या हिश्शावरही जाणार नाहीत.

लोराचा सिग्नल म्हणजे खालच्या सुरावरून वरच्या सुरावर चढत जाणारी शीळ. ती गोंगाटाखाली दबली तरी ओळखता येते. किती खाली चालेल ते स्प्रेडिंग फॅक्टरवर (एसएफ, म्हणजे शीळ किती लांबवायची त्याची पायरी) ठरतं: एसएफ ७ ला सिग्नल गोंगाटापेक्षा साडेसात डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट कमी-जास्त ते सांगणारं माप) खाली चालतो, एसएफ १२ ला वीस डीबी. मोबदला वेळेत द्यावा लागतो. १२५ किलोहर्ट्झवर एसएफ ७ ची एक शीळ १.०२४ मिलिसेकंदांची, एसएफ १२ ची ३२.७६८. दर पायरीला दुप्पट.

२० जानेवारी, शनिवार

धाकट्या भावाला घेऊन सगळ्या विहिरी पायी फिरलो. प्रत्येकीचं गावच्या पाण्याच्या टाकीपासूनचं अंतर आणि उंची लिहून घेतली. सगळ्या नोडचं ऐकून पुढे पाठवणाऱ्या गेटवेला टाकीसारखी दुसरी जागा नाही.

सगळ्यात लांबची १९ नंबरची, माळाच्या पलीकडे, ४.२ किलोमीटर. मोकळ्या हवेत एवढ्या अंतरावर ८६६ मेगाहर्ट्झला १०३.७ डीबीची घट येते. नोडचे १४ डीबीएम (एक मिलिवॅटशी तुलना करून डीबीत मोजलेली ताकद), दोन्हीकडच्या अँटेनांचे मिळून ७, केबलचे वजा दीड धरले, तर गेटवेला उणे ८४ डीबीएमच्या आसपास सिग्नल पोचायला हवा. कागदावर एसएफ ७ सुद्धा सहज पुरतो.

पण कागदावर माळ नाही, आणि अँटेना विहिरीच्या कठड्याखाली असली तर काय होतं हेही नाही. दोन अँटेनांमधली रेडिओची वाट काकडीसारखी मध्ये फुगलेली असते. ४.२ किलोमीटरला मधोमध तिची त्रिज्या १९ मीटर येते, आणि त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे साडेअकरा मीटर, मोकळी असावी लागते. माळाची धार नेमकी त्या मधल्या भागात घुसते. टाकीवरून विहीर डोळ्यांना दिसते म्हणून रेडिओलाही दिसेल असं धरता येणार नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

ग्रामसभेत विषय मांडला. टाकीवर अँटेना लावायला कुणाचीच हरकत नव्हती. आबांनी विचारलं, "अरे, त्या लहरींनी मधमाश्या जातील का? अंजिराचं सोड, पण सीताफळाचं काय?" मी त्यांना नीट सांगितलं की खिशातला मोबाइल यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि जास्त ताकदीने बोलतो, आणि आमचा नोड दिवसभरात सगळं मिळून मिनिटभरही बोलणार नाही.

खरा प्रश्न तात्यांनी विचारला. "माझ्या विहिरीत किती पाणी आहे आणि मी रात्री किती उपसलं, हे साऱ्या गावाला कळणार ना?" प्रश्न रास्त होता. हवेतला मजकूर १२८ बिटांच्या एईएस किल्लीने बंद असतो, वाटेत कुणी ऐकला तरी वाचता येत नाही, हे मी सांगितलं. पण तात्या वाटेतल्या माणसाबद्दल विचारतच नव्हते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लागल्यावर काय, हे त्यांना हवं होतं, आणि त्याला कुठलीही किल्ली कामाची नाही. सभेत ठरलं की रोजची पातळी सगळ्यांची लावायची, उपशाच्या वेळा ज्याच्या त्याला दाखवायच्या. तरीही तात्या नाही म्हणाले. २२ विहिरी.

४ फेब्रुवारी, रविवार

टाकीच्या कठड्याला यू-क्लॅम्पने जीआय पाइप बांधला. त्यावर फायबरची ५ डीबीआयची अँटेना.

केबलवरून दुकानात वाद झाला. दुकानदार आरजी-५८ देत होता, निम्म्याहून कमी किमतीत. दहा मीटरला या पट्ट्यात ती पाचेक डीबी खाते, म्हणजे दोन तृतीयांश ताकद केबलमध्येच ऊब होऊन जाते. आणि येणारा सिग्नलही तेवढाच मरतो, हे जास्त वाईट. एलएमआर-४०० घेतली, दहा मीटरला सव्वा डीबी. जोडांवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. कनेक्टरमध्ये एकदा पाणी शिरलं की पुढचे सहा महिने माणूस फर्मवेअरमध्ये, म्हणजे नोडच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, चुका शोधत बसतो.

अँटेनाच्या पायथ्याशी लाइटनिंग अरेस्टर, तिथून तांब्याची पट्टी खाली, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. वळवाच्या आधी हे होणं महत्त्वाचं होतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

पहिला नोड सुरू. गेटवे गप्प.

दोन तास अँटेना, केबल, वीजपुरवठा तपासण्यात गेले. शेवटी नोडच्या फर्मवेअरमधली प्रदेशाची ओळ वाचली. विकत आलेल्या बोर्डात युरोपचा पट्टा घातलेला होता. तो ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ वर बोलत होता, आमच्याकडे मोकळ्या असलेल्या पट्ट्याच्या बाहेर. भारतासाठी लोरावॅनचे (लोरावर जाळं चालवायच्या नियमांचे) तीन ठरलेले चॅनेल आहेत: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. उत्तर ऐकायची दुसरी खिडकी ८६६.५५० वर, एसएफ १० ला. प्रदेश बदलला आणि फर्मवेअर परत चढवलं.

मग पॅकेट, म्हणजे नोडचे छोटे निरोप, येऊ लागली, पण प्रत्येक तिसरं गायब. एवढी नेमकी गळती हवेमुळे होत नाही, ही कुठेतरी लिहिलेली चूक असणार. गेटवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन रेडिओ असतात. प्रत्येकाला एक मध्य द्यायचा आणि चॅनेल त्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ४०० किलोहर्ट्झच्या आत बसवायचे. आमच्या फाइलमध्ये दुसऱ्या रेडिओचा मध्य ८६६.५५० होता. तिथून ८६५.९८५ तब्बल ५६५ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे त्याच्या कानाबाहेर. पहिल्याचा मध्य ८६५.२३२५ केला, त्यात पहिले दोन चॅनेल उणे १७० आणि अधिक १७० वर छान बसले. दुसऱ्याचा ८६६.१८५ केला, ८६५.९८५ उणे २०० वर आला. गळती थांबली.

११ फेब्रुवारी, रविवार

दुसरा नोड जाळ्यात सामीलच होईना. गेटवेला त्याची विनंती ऐकू येत होती, सर्व्हर ओळखत नव्हता. नोडची ओळख आठ बाइटची. आमच्या लायब्ररीला ती उलट्या क्रमाने हवी असते आणि गुप्त किल्ली मात्र सुलट्या. पहिल्या नोडला मी नशिबाने बरोबर लिहिली होती. दोन्ही क्रम कसे लिहायचे याचा कागद टेबलासमोर चिकटवला.

२ मार्च, शनिवार

२२ नोड लागले. दाबावर चालणारा सेन्सर तळाशी, प्लास्टिकची पेटी कठड्याला, आत लिथियम सेल आणि घड्याळाची चिप. अँटेना आधी पेटीतच ठेवली होती. १९ नंबरला पहिल्या दिवशी उणे ११८ डीबीएम सिग्नल होता. तीन मीटरचा पाइप लावून अँटेना वर नेली तर उणे १०४. चौदा डीबी केवळ उंचीने मिळाले, बॅटरीचा थेंबही न खर्चता. मग सगळ्यांनाच पाइप लावले. वेल्डिंगवाल्याला दोन दिवस काम पुरलं.

सगळे एसएफ १० वर ठेवलेत. मजकूर साधा, वाचता येईल असा: पातळी आणि बॅटरी, तेरा अक्षरं. घड्याळ सगळ्यांचं मोबाइलवर बघून लावलं आणि बरोबर पाऊण, पूर्ण, सव्वा, साडेच्या ठोक्याला मोजून पाठवायचं ठरवलं, म्हणजे सगळ्या विहिरींचे आकडे एकाच वेळचे येतील.

सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर. गेटवे ते सर्व्हर मोबाइलचं फोर-जी.

९ मार्च, शनिवार

आठवड्याचा हिशोब काढला. टाकीजवळच्या सात विहिरींचे जवळजवळ सगळे आकडे आलेत. माळाकडच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींचे निम्मेही नाहीत.

लांबचे गळतायत म्हणजे ताकद कमी पडतेय, असं वाटतं. सगळे एसएफ १२ वर नेतो, ताकद १४ वरून २० डीबीएम करतो, आणि प्रत्येक पॅकेटची पोच मागायला लावतो. पोच नाही आली तर नोड आठ वेळा परत पाठवेल.

१७ मार्च, रविवार

आधीपेक्षा वाईट. लांबच्या विहिरींचे दिवसाला दहा-पंधरा आकडे. बॅटऱ्या दिसतील अशा उतरल्यात. आणि एक गोष्ट कळत नाही: नोड जाळ्यात सामील व्हायला काहीच अडचण येत नाही, म्हणजे सर्व्हरचं उत्तर त्यांना ऐकू येतं, पण नंतर एकाही पॅकेटची पोच एकाही नोडला मिळालेली नाही. जवळच्या विहिरींनासुद्धा नाही.

रात्री उशिरापर्यंत लॉग वाचला.

२४ मार्च, रविवार

आज होळी. पोळी खाऊन दुपारी पुन्हा लॉग घेऊन बसलो आणि १७ नंबर दिसला.

१७ नंबर माळाच्या खोबणीत आहे. सगळ्यात कमजोर सिग्नल त्याचाच, उणे ११६ ते उणे ११९. तोच सर्वांत आधी गळायला हवा होता. पण २ तारखेपासून त्याचं एकही पॅकेट हरवलेलं नाही. एकही नाही.

वेळा बघितल्या. बाकी सगळे ठोक्याला येतात, १७ नंबर ठोक्यानंतर सात मिनिटांनी. भावाला फोन केला. तो गाडी काढून विहिरीवर गेला, पेटी उघडली आणि म्हणाला, "दादा, घड्याळाचा गोल सेलच बसवलेला नाही यात." मोठा लिथियम सेल बदलताना वीज गेली होती, तेव्हा घड्याळ मागे पडलं होतं.

सगळ्यात कमजोर नोड सगळ्यात व्यवस्थित येत होता, कारण तो बोलायचा तेव्हा बाकी कुणी बोलत नसायचं.

अंतराचा यात काही संबंधच नव्हता. एकाच चॅनेलवर, एकाच एसएफला दोन पॅकेट एकमेकांवर आली तर सहाएक डीबीने वरचढ असलेलं टिकतं आणि दुसरं मरतं. जवळचे टिकत होते आणि लांबचे मरत होते, म्हणून मला ते अंतराचं दुखणं वाटलं. खरं दुखणं घड्याळाचं. मी तेव्हा त्यावर आणखी मोठ्याने आणि आणखी लांब बोलायला लावलं.

२५ मार्च, सोमवार

धुळवडीची सुट्टी. हिशोब मांडला, पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

आमची घड्याळाची चिप २ पीपीएमची (दहा लाख सेकंदांत दोनचा फरक), महिन्याला पाचेक सेकंदांहून जास्त सरकत नाही. हातांनी लावतानाचा फरक धरून सगळे नोड साधारण पाच सेकंदांच्या फटीत बोलतात. तेरा बाइटचा मजकूर, त्यावर लोरावॅनचे तेरा, एकूण २६ बाइट. एसएफ १० ला हवेतला वेळ ०.४१ सेकंद. २२ नोडचे नऊ सेकंद, तीन चॅनेलवर वाटले तर प्रत्येकावर तीन. पाच सेकंदांच्या फटीत तीन सेकंदांचं बोलणं, तेही कुणी कुणाची वाट न बघता.

एसएफ १२ ला एकाच पॅकेटला १.६५ सेकंद. प्रत्येक चॅनेलवर बारा सेकंद, त्याच पाच सेकंदांत. वर पोच न मिळाल्याने प्रत्येकाच्या आठ फेऱ्या. गर्दी मीच केली होती.

कुणी न ऐकता बोलायची ही पद्धत हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी उभ्या केलेल्या अलोहा जाळ्याइतकी जुनी, १९७१ सालची. बेटांवरचे टर्मिनल रेडिओने मध्यवर्ती संगणकाशी जोडायचे, आणि ज्याला बोलायचंय त्याने बोलून टाकायचं. त्याचं गणित आजही लागू आहे: बोलणारे कधीही, एकमेकांशी संबंध न ठेवता बोलत असतील तर चॅनेलच्या वेळेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी येतो. आणि ते तसे स्वतंत्र असले तरच. मी सगळ्यांना एका ठोक्याला बांधून ती अटच मोडली होती.

बॅटरीचंही बघितलं. रेडिओ चिप २० डीबीएमला १२० मिलिअँपिअर घेते, १७ ला ८७. एसएफ १२ आणि २० डीबीएमचं एक पॅकेट एसएफ ७ आणि १७ डीबीएमच्या सुमारे सदतीस पॅकेटांएवढी बॅटरी खातं.

पोचेचं कोडंही आज सुटलं. पॅकेट गेल्यावर नोड बरोबर एका सेकंदाने उत्तर ऐकायला कान उघडतो, हुकलं तर दुसऱ्या सेकंदाला पुन्हा, मग झोपतो. सामील होताना मात्र पाच आणि सहा सेकंदांनी. आमचं फोर-जी जाऊन-येऊन दोन सेकंदांहून जास्त लावतं. त्यामुळे सामील व्हायचं उत्तर आरामात पोचतं, पोच मात्र गेटवेकडेच उशिरा येते आणि तो ती टाकून देतो. गेटवेच्या लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून 'उशीर झाला' असं लिहून येत होतं. मी ते मोबाइल कंपनीचं रडगाणं समजून पुढे जात होतो.

आणि पोच मिळाली असती तरी भलं झालं नसतं. गेटवे बोलत असतो तेव्हा कुठल्याच चॅनेलवर ऐकू शकत नाही. २२ जणांना पोच देत बसला तर तेवढा वेळ बहिरा.

३० मार्च, शनिवार

नवं फर्मवेअर. मोजायचं ठोक्यालाच, म्हणजे आकडे एका वेळचे राहतात. पाठवायचं मात्र शून्य ते सहाशे सेकंदांमध्ये कधीही, दर वेळी नवा आकडा काढून. पोच बंद. एसएफ पुन्हा १०.

मजकूर बदलला. अक्षरांऐवजी बाइट: पातळी मिलिमीटरमध्ये दोन, तापमान दोन, बॅटरी दोन, खुणांचे दोन, आणि मागच्या दोन वेळच्या पातळ्या चार. एकूण बारा. म्हणजे ओळीने दोन पॅकेट हरवली तरी तिसऱ्यात त्यांच्या पातळ्या येतात, पोच मागायची गरजच उरत नाही. आणि तेराचे बारा केल्याने एसएफ १२ ला हवेतला वेळ १.६५ वरून १.४८ सेकंदांवर आला. लोरात मजकूर ठोकळ्यांनी वाढतो, एका बाइटने नवा ठोकळा लागू शकतो, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

हवेतून फर्मवेअर बदलायची सोय आमच्या नोडना नाही. २२ विहिरींवर लॅपटॉप घेऊन गेलो, दोन दिवस. विहीरमालकांनी चहा पाजला, एकाने ताकही. १३ नंबरला कठड्यावर धामण होती, ती जाईपर्यंत थांबलो.

८ एप्रिल, सोमवार

आज सोमवती अमावस्या. जेजुरीला यात्रा, पालखी कऱ्हेवर स्नानाला, रस्ते भरलेले. सकाळी दहापासून फोर-जीची गती शून्यावर. गेटवे पॅकेट ऐकत होता पण पुढे पाठवू शकत नव्हता, आणि साधं पॅकेट-फॉरवर्डर (गेटवेतला पॅकेट पुढे ढकलणारा प्रोग्राम) यूडीपीवर चालतं: पाठवलं, पोचलं नाही तर गेलं. संध्याकाळपर्यंतचे आकडे गेले. जाळं फोर-जीच्या भरवशावर टांगलेलं राहता कामा नये.

१४ एप्रिल, रविवार

सर्व्हर गावात आणला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर चर्पस्टॅक हा लोरावॅनचा सर्व्हर, टाकीवरच्या गेटवेपर्यंत नेटवर्क केबल. गेटवे आणि सर्व्हरमधलं अंतर आता मिलिसेकंदांत. आकडे आधी इथेच साठतात, फोर-जी असेल तेव्हा क्लाउडवरच्या प्रतीत जातात.

सरपंचताईंनी विचारलं, "दादा, लाइट गेली तर?" बारा व्होल्टची बॅटरी आणि चार्जर बसवला. दिवसभराचं भारनियमन निघून जाईल.

वेळेत उत्तर पोचायला लागल्यामुळे आता नोडला एसएफ आणि ताकद सर्व्हरकडून सांगता येते. तो हिशोब सोपा आहे: मागच्या वीस पॅकेटांतला सर्वांत चांगला सिग्नल-गोंगाट फरक घ्यायचा, चालू एसएफला लागणारा वजा करायचा, दहा डीबी राखीव सोडायचे, उरेल त्याला तीनने भागायचं. १९ नंबरला फरक अधिक ५, एसएफ १० ला लागतो उणे १५. वीस, वजा दहा, दहा. तीन पायऱ्या. एसएफ १० वरून थेट ७. ज्या विहिरीसाठी मी मार्चमध्ये एसएफ १२ लावला होता तिला ७ पुरतो!

५ मे, रविवार

बॅटऱ्या बदलायला काढल्या, आणि ज्या सहा नोडच्या बदलल्या ते सामील होईनात. सामील होण्याच्या प्रत्येक विनंतीला एक क्रमांक असतो आणि तो पुन्हा वापरायचा नाही, म्हणजे कुणी जुनी विनंती ध्वनिमुद्रित करून परत वाजवू शकत नाही. आमचा नोड बॅटरी काढली की शून्यापासून मोजत होता. सर्व्हरचं बरोबर, नोड चुकीचा. क्रमांक कायमच्या स्मृतीत लिहायला लावला. सर्व्हरवरची जुनी यादी पुसून सहाही आत घेतले, पण ही सवय लावायची नाही. यादी सुरक्षेसाठी आहे.

१६ नोड एसएफ ७ वर, चार ८ वर, १७ नंबर आणि ६ नंबर १० वर. गेल्या आठवड्यात एकाही पातळीचा आकडा कायमचा हरवला नाही.

९ जून, रविवार

पाऊस झाला. आनंद झाला, आणि रात्री तीन नोड गप्प झाले.

तिन्ही सीताफळाच्या बागांआडचे. मेमध्ये सीताफळ निष्पर्ण असतं. आता पालवी भरली आणि पानं ओली. पाणी भरलेलं पान या लहरी शोषतं. कोरड्या मेमध्ये सर्व्हरने त्यांना एसएफ ८ आणि ७ वर आणलं होतं, दहा डीबी राखीव इथे कमी पडले.

नोड आपणहून सावरतात, पण हळू. ६४ पॅकेट सर्व्हरकडून काहीच ऐकू आलं नाही तर नोड विचारायला लागतो, आणखी ३२ ला उत्तर नाही आलं तर ताकद वाढवतो, मग दर ३२ ला एसएफची एक पायरी वर. ९६ पॅकेट, पंधरा मिनिटांना एक. म्हणजे चोवीस तासांपर्यंत नोड काहीच करत नाही, आणि पुढची पायरी आठ तासांनी. सोमवारी सकाळपर्यंत येतील, पण पहिल्या पावसाची रात्र गेली, आणि मागच्या दोन पातळ्या बरोबर पाठवायची युक्ती इतक्या मोठ्या खंडाला पुरत नाही.

या तिघांसाठी आणि ६ व १७ साठी राखीव दहाऐवजी पंधरा डीबी. पुढच्या वर्षी पावसाच्या आधीच, पालवी फुटताना, हा बदल करायचा.

२३ जून, रविवार

ओढ्याकाठची ९ नंबरची विहीर रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात ३८ सेंटिमीटर वर आली. तिच्यापासून दोनशे मीटरवरच्या ११ नंबरला हे दिसलंच नाही, ती अजून तशीच. दोन्ही एकाच ओढ्याच्या, पण बेसाल्टमधली झिजलेली भेग एकीला मिळते आणि दुसरीला नाही, असं आबा म्हणतात. ते हे आकडा न बघताच सांगत होते. पंधरा मिनिटांचा आलेख दाखवला तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाणी पहाटे येतं. आम्ही समजायचो रात्रभर येतं."

दुपारी तात्या कार्यालयात आले. फळ्यावरचे आकडे वाचले, सगळे, वरपासून खालपर्यंत. मग विचारलं, "उपसा दुसऱ्याला दिसत नाही ना खरंच?" सर्व्हरवर त्यांच्यासमोर शेजारच्या शेतकऱ्याच्या नावाने आत जाऊन दाखवलं: स्वतःचा उपसा दिसतो, बाकीच्यांची फक्त सकाळची पातळी.

सुटा नोड तयार होता. ओळख उलट्या क्रमाने, किल्ली सुलट्या, प्रदेश भारत, राखीव पंधरा डीबी कारण वाटेत त्यांचीच सीताफळाची बाग. पाइप त्यांनी स्वतः धरला. पहिल्याच विनंतीला सामील झाला. पहिलं पॅकेट ५ वाजून ४७ मिनिटांनी, ८६५.४०२५ वर, एसएफ १०, उणे १०१ डीबीएम. पाणी ६.२१ मीटर खाली.

"फुटात सांग," तात्या म्हणाले.

वीस फूट, चार इंच.